सैल पट्टी

तुम्ही एस. टी. ने प्रवास केला असेल. खिडकीजवळची जागा मिळाली की आपण खूश होतो. गाडी सुरू होते आणि थोड्याच वेळात कानाशी एक आवाज येऊ लागतो, ‘खडखड, खडखड’. खिडकीच्या कडेची एखादी पट्टी सैल झालेली असते. तिचा एक स्क्रू कधीच पडून गेलेला असतो. आपण ती बोटाने दाबून धरतो. आवाज थांबतो. बोट काढले की पुन्हा खडखड. मग आपल्यापैकी काही जण (मी कोणाचे नाव घेत नाही) बसल्या बसल्या ती पट्टी आणखी थोडी उचकटून पाहतात. लहानपणी मीही पाहत असे. त्या पट्टीच्या मागे काय असेल, याचे मला फार कुतूहल वाटे. ते फिटायला मला वयाची पस्तिशी गाठावी लागली आणि ते फिटले एस. टी. मध्ये नव्हे, तर चाकांवरच्या एका घरात.

‘कारवाँ’ हा शब्द तुम्ही उर्दूच्या पुस्तकात वाचला आहे. तो मूळचा फारसी. वाळवंटातून उंटांवर माल लादून एकत्र जाणाऱ्या व्यापाऱ्यांचा समूह म्हणजे कारवाँ. मराठीत आपण त्याला ‘तांडा’ म्हणतो. हाच फारसी शब्द फिरत फिरत युरोपात गेला, त्याचे ‘कॅरॅव्हॅन’ झाले आणि इंग्लंडमध्ये ते नाव चाकांवरच्या घराला मिळाले. १८८५ साली डॉ. गॉर्डन स्टेबल्स नावाच्या लेखकाने केवळ हौसेने फिरण्यासाठी असे एक घर बांधून घेतले होते. ते दोन घोडे ओढत. त्याचे नाव होते ‘द वाँडरर’, म्हणजे भटक्या. आता घोड्यांच्या जागी मोटार आली. मोटारीच्या मागे जोडून ओढत न्यायच्या अशा घराला अमेरिकेत ‘ट्रॅव्हल ट्रेलर’ म्हणतात. आत झोपायला बर्थ, लहानसे स्वयंपाकघर, कपाटे, दिवे, पंखा, सगळे काही. आपल्याकडे अशी घरे क्वचितच दिसतात. पण महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले आणि तेव्हापासून कोकणातही कोणी कोणी त्यात पैसे घालू लागले.

माझे थोरले भाई सुतार आहेत. दहावीनंतर त्यांनी शाळा सोडली. अब्बांच्या आजारपणात घर चालवायला कोणीतरी हवे होते. पुढे ते कतारला गेले आणि दोहा शहरातल्या एका कारखान्यात सोळा वर्षे कॅरॅव्हॅन दुरुस्त करत राहिले. तिकडचे लोक हिवाळ्यात कुटुंबासह वाळवंटात मुक्काम करतात, तेव्हा अशी घरे ओढत नेतात. भाईंच्या त्या कमाईवर माझे बी. ए. झाले, बी. एड. झाले. मी मास्तर झालो. पण सांगायला लाज वाटते, भाई तिकडे नेमके काय काम करतात, हे मी कधी नीट विचारले नव्हते. कोणी विचारले तर ‘भाई गल्फमध्ये असतात’ एवढेच सांगायचो.

२०२० मध्ये भाई परत आले आणि त्यांनी चिपळूणजवळ हमरस्त्यालगत लहानसे दुकान टाकले. २२ जुलै २०२१ च्या महापुरात दुकानातले सगळे प्लायवूड भिजून फुगले. यंत्रे चिखलात गेली. भाईंनी पुन्हा शून्यापासून सुरुवात केली. लोकांच्या खिडक्या, खाटा, शाळेची बाके, मिळेल ते काम ते करीत. आणि २०२३ च्या मे महिन्यात एका पर्यटन व्यावसायिकाचा माणूस त्यांना शोधत आला. त्याच्याकडे समुद्रकाठी उभे असलेले एक कॅरॅव्हॅन होते. आतल्या पट्ट्या निघाल्या होत्या, प्लाय सुटत होते. पाऊस सुरू होण्याआधी ते नीट करून हवे होते. काम चांगले झाले तर आणखी चार कॅरॅव्हॅन आहेत, असेही तो म्हणाला. भाईंसाठी ही मोठी गोष्ट होती. माझी उन्हाळ्याची सुट्टी होती. मी म्हणालो, “भाई, मी येतो मदतीला.”

भाई हसले. म्हणाले, “ये मास्तर. खडूपेक्षा जड काही उचलायची सवय आहे ना?”

ते कॅरॅव्हॅन सुमारे सहा मीटर लांब होते. बाहेरून पांढरे, चकचकीत. आत पाय ठेवला तर कुबट वास आला. छताला आणि भिंतींना जिथे तिथे पट्ट्या लोंबत होत्या. मी म्हणालो, “एवढंच ना? खिळे मारले की झालं.” भाई काही बोलले नाहीत. त्यांनी एक लोंबती पट्टी हलकेच पूर्ण काढली आणि मला म्हणाले, “बघ आत.”

लहानपणापासून जे पाहायचे होते, ते तेव्हा दिसले. बाहेर अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा. आत लाकडी पट्ट्यांची चौकट. चौकटीच्या घरांमध्ये उष्णता अडवण्यासाठी भरलेला थर्मोकोल. आणि सगळ्यात आत जेमतेम तीन मिलिमीटर जाडीचे प्लाय, त्यावर चिकटवलेला नक्षीचा प्लास्टिक कागद. आपल्याला जी भक्कम भिंत वाटते, ती खरे म्हणजे एवढीशी पातळ. दोन प्लाय जिथे मिळतात, तिथे फट राहते. ती फट झाकायला वरून पट्टी. गाडी हलकी राहावी म्हणून सगळे पातळ आणि हलके ठेवतात. नाहीतर मोटारीला ओढवणार कसे?

आता या पट्ट्या सुटतात का? पहिले कारण तुम्हांला एस. टी. तच कळले असेल, हादरे. घर जमिनीवर उभे असते, पण हे घर खड्ड्यांतून धावते. पट्ट्या बारीक स्टेपल पिनांनी ठोकलेल्या असतात. रोजच्या हादऱ्यांनी पिना थोड्या थोड्या बाहेर सरकतात. दुसरे कारण उन्हाचे. विज्ञानात आपण शिकतो की पदार्थ तापला की प्रसरण पावतो. भाईंनी मला तोंडी हिशेब विचारला आणि मला कागद घ्यावा लागला, हे कबूल करतो. सहा मीटर लांब अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा ३० अंश सेल्सिअसने तापला तर सुमारे चार मिलिमीटर वाढतो. तेवढ्याच लांबीचे लाकूड एक मिलिमीटरसुद्धा वाढत नाही. दोघांना एकमेकांशी बांधलेले. दिवसा एक ताणतो, रात्री आखडतो. मधल्या पिनांचे काय होत असेल? दोहामध्ये उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो. तिथे बंद कॅरॅव्हॅनचे दार उघडले की गोंद मऊ होऊन पट्ट्या आपोआप खाली पडलेल्या दिसत, असे भाई सांगत.

कोकणातले कारण आणखी वेगळे. इथली हवा दमट आणि समुद्रकाठची हवा खारट. भाईंनी काढलेल्या पट्टीच्या पिना मी हातात घेतल्या तर त्या गंजून तांबड्या झाल्या होत्या. बोटांनी दाबताच त्यांचे तुकडे झाले.

माझे पहिले काम होते जुन्या पिना काढण्याचे. तीन दिवस मी पक्कड घेऊन तेच करीत होतो. एकही पिन मागे राहता कामा नये, कारण राहिलेली पिन नव्या पट्टीला नीट बसू देत नाही. भाईंच्या दुकानातले शब्दही मी शिकलो. रंधा, पटाशी, गुण्या, कानस. एका शब्दाची तर मोठी गंमत वाटली. लहान बारीक खिळ्याला सुतार ‘चूक’ म्हणतात. अनेकवचन ‘चुका’. दुकानातला मदतनीस मुलगा मला म्हणाला, “सर, मूठभर चुका द्या.” मी म्हणालो, “बाबा रे, त्या तर मी रोज वह्यांमध्ये गोळा करतो.”

पट्टी परत बसवायच्या रीती भाईंनी एकेक करून दाखवल्या. आधी पट्टी आणि भिंत दोन्ही खरवडून घ्यायची. जुना वाळलेला गोंद, धूळ, बुरशी, काही ठेवायचे नाही. धुळीवर लावलेला गोंद धुळीलाच चिकटतो, भिंतीला नाही. प्लास्टिकच्या कागदावर लाकडाचा पांढरा गोंद धरत नाही. तिथे दोन्ही बाजूंना लावायचा रबरी गोंद वापरतात. तो लावून लगेच चिकटवायचे नसते. बोटाला लागेनासा होईपर्यंत थांबायचे आणि मग एकदाच दाबायचे. एकदा चिकटली की पट्टी सरकवता येत नाही, म्हणून आधी पेन्सिलची खूण करायची. त्या गोंदाचा वास डोक्यात जातो आणि तो पेटही लवकर घेतो, म्हणून दारे-खिडक्या उघड्या आणि बिडी-सिगारेट बंद. प्लास्टिकची लांब पट्टी असेल तर तिच्या टोकाशी नखभर जागा मोकळी सोडायची, म्हणजे उन्हात वाढायला वाव राहतो. नाहीतर ती मधोमध फुगून उठते.

स्क्रू लावायचा तो नेहमी चौकटीत. प्लायच्या मागे नुसता थर्मोकोल असेल तर स्क्रू कशाला धरणार? चौकट कुठे आहे हे बाहेरून दिसत नाही. त्यासाठी भाईंकडे एक साधा चुंबक होता. तो भिंतीवरून हळूहळू सरकवायचा. जिथे पिन असेल तिथे तो ओढला जातो. एका ओळीत तीन-चार ठिकाणी ओढला गेला की समजायचे, या रेषेच्या मागे चौकट आहे. मला हे इतके आवडले की दिवसभर मी चुंबक घेऊन भिंती तपासत होतो.

आणि जुने भोक मोठे होऊन स्क्रू नुसताच फिरत असेल तर? तर आगपेटीच्या काड्यांची डोकी काढून टाकायची, काड्या गोंदात बुडवून भोकात ठोकायच्या, वाळू द्यायच्या, वरचा भाग कापायचा आणि मग त्यात तोच स्क्रू लावायचा. वाळू द्यायच्या, हे लक्षात ठेवा. त्यात अर्धा दिवस तरी जातो.

चौथ्या दिवशी मी एका कोपऱ्यातली पट्टी छान बसवली आणि भाईंना हाक मारली. त्यांनी पट्टी पाहिली नाही. विचारले, “मागे काय होतं?” मी पाहिलेच नव्हते. त्यांनी माझी ताजी पट्टी काढली आणि प्लायवर बोट दाबले. बोट आत गेले. लाकूड भिजलेल्या पावासारखे झाले होते. वर छतावर ए. सी. होता. त्याचे पाणी वाहून जायची नळी वाळूने बुजली होती, म्हणून पाणी आतून भिंतीत उतरत होते. आम्ही आधी नळी साफ केली, छताचे सांधे सिलिकॉनने बंद केले, कुजलेले प्लाय हातभर कापून नवे बसवले. पट्टीची पाळी सगळ्यात शेवटी आली. भाई म्हणाले, “पट्टी स्वतःहून सुटत नाही मास्तर. तिला कोणीतरी सोडवतं. आधी ते कोण, ते शोध.” वर्गात एखादा मुलगा अचानक मागे पडू लागला की आताशा मला हे वाक्य आठवते. असो.

आता मला तुम्हांला जे सांगायचे आहे, त्याकडे येतो.

काम संपत आले होते. दुसऱ्या दिवशी शुक्रवार. सकाळी वीज जोडून दिवे तपासायचे आणि दुपारी कॅरॅव्हॅन मालकाच्या ताब्यात द्यायचे, असे ठरले होते. शनिवारी त्यात राहायला पुण्याचे एक कुटुंब येणार होते. आकाशात ढग जमत होते. भाई दुपारच्या नमाजाला गेले होते. मी मुलांसाठी असलेल्या वरच्या बर्थवर बसून उशाकडची शेवटची पट्टी बसवत होतो. चुंबकाने चौकट शोधली. भाईंच्या नियमाप्रमाणे पाऊण इंची स्क्रू लावला. तो नुसताच फिरू लागला. भोक मोठे झाले होते. काड्या, गोंद, अर्धा दिवस हे सगळे माझ्या डोळ्यांसमोर आले. डब्यात दीड इंची स्क्रू होते. मी त्यातला एक घेतला आणि मशीनने आत घातला. तो वाकडा गेला म्हणून बाहेर काढला. त्याच्या आट्यांत लाल प्लास्टिकचा एक बारीक तुकडा अडकून आला होता. मी तो नखाने काढून टाकला आणि स्क्रू सरळ करून पुन्हा घट्ट बसवला. पट्टी अशी बसली की हलायचे नाव नाही. भाई आले, त्यांनी हात फिरवून पाहिला आणि म्हणाले, “शाबास. आता हात बसला तुझा.”

भाईंच्या तोंडून शाबासकी मला फार वर्षांनी मिळाली होती.

रात्री जेवण झाले. अंथरुणावर पडलो. वीज चमकत होती आणि माझ्या डोळ्यांपुढे तो लाल तुकडा येत होता. पट्टीला लाल रंग नव्हता. प्लाय पांढरे, थर्मोकोल पांढरा. मग लाल काय होते? उत्तर मला ठाऊक होते. दुपारीच ठाऊक होते, पण मी स्वतःला विचारले नव्हते. विजेच्या तारेचे आवरण लाल असते. तार तांब्याची आणि तांबे चुंबकाला ओढत नाही. मी आठवीला ‘चुंबकीय आणि अचुंबकीय पदार्थ’ शिकवतो. तरीही दिवसभर चुंबक फिरवताना माझ्या डोक्यात हे आले नव्हते की, चुंबकाने दाखवलेल्या चौकटीच्या मागून तार गेलेली असू शकते आणि चुंबक तिच्याविषयी एक शब्दही सांगणार नाही. पाऊण इंची स्क्रू चौकटीतच थांबला असता. दीड इंची आरपार गेला होता.

मी हिशेब करू लागलो. सांगितले तर? काम एक दिवस पुढे जाणार. मालक रागावणार. पुढची चार कामे कदाचित जाणार. आणि दुपारची शाबासकीही. न सांगितले तर? कदाचित काहीच होणार नाही. कदाचित तो तुकडा दुसऱ्याच कशाचा असेल. असे किती ‘कदाचित’ मी जमवले, ते मला आठवत नाही. पण प्रत्येक वेळी डोळ्यांसमोर वरचा बर्थ येई. स्क्रूचे डोके उशापाशी बाहेर आणि त्याचे टोक आत २३० व्होल्टच्या तारेत.

रात्री साडेअकराला मी भाईंना उठवले. सगळे सांगितले. मला वाटले ते ओरडतील. त्यांनी एकच प्रश्न विचारला, “कोणता बर्थ?” मग खुंटीवरच्या चाव्या घेतल्या आणि आम्ही स्कूटरवरून दुकानात गेलो. बॅटरीच्या उजेडात त्यांनी पट्टी काढली, प्लाय चौकोनी कापून उघडले. स्क्रूचे टोक तारेला घासून गेले होते. तार तुटली नव्हती, पण वरचे आवरण सोलले गेले होते आणि आत तांबे चमकत होते. आम्ही दोघेही काही वेळ गप्प बसून राहिलो. बाहेर पहिल्या सरीचे थेंब पत्र्यावर वाजू लागले होते.

सकाळी वायरमन आला. त्याने ती सगळी तारच बदलली. प्लायला ठिगळ लावायचे नाही, पूर्ण तुकडा नवा लावायचा, असे भाईंनी ठरवले, म्हणून आणखी एक दिवस गेला. त्याचे पैसे भाईंनी घेतले नाहीत. मालकाचा माणूस आला तेव्हा भाईंनी उशीर का झाला, ते स्वतःच सांगितले. “आमच्याकडून स्क्रू लांब लागला, तार सोलली गेली, ती बदलली आहे.” ‘आमच्याकडून’ म्हणाले. मी शेजारीच उभा होतो. मी पुढे होऊन “माझ्याकडून” असे म्हणालो, तेव्हा त्या माणसाने माझ्याकडे एकदा पाहिले. पुण्याच्या पाहुण्यांना दुसरीकडे ठेवावे लागले, म्हणून तो बराच बोलला. ठरलेले पैसे दिले. पुढच्या चार कामांविषयी “कळवतो” एवढेच म्हणाला.

पावसाळाभर त्याने काही कळवले नाही. शाळा सुरू झाली. मी दर रविवारी भाईंकडे जायचो, पण तो विषय काढत नव्हतो. भाईही काढत नव्हते. ते बाके आणि खिडक्या करत होते.

दिवाळीच्या सुट्टीत मी गेलो तेव्हा दुकानासमोर एक कॅरॅव्हॅन उभे होते. चार नव्हे, एक. तोच माणूस ते ठेवून गेला होता. भाईंनी दार उघडले. तोच कुबट वास आला. छताची एक पट्टी लोंबत होती. भाईंनी खिशातून चुंबक काढून माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाले, “आधी तारा कुठून गेल्यात ते वायरमनला विचारून भिंतीवर पेन्सिलने काढून घे. मग हा.”